निवृत्त सैनिकाने समारंभाला काय घालावं? एका साध्या प्रश्नापासून संशोधनप्रश्नापर्यंत

पेट किंवा नेट झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांची एक अडचण हमखास असते. विषय हातात असतो, वाचनही बऱ्यापैकी झालेलं असतं, पण गाइडनी "तुमचा प्रश्न काय?" असं विचारलं की उत्तर येत नाही. विषय आणि प्रश्न यांत फरक असतो हे मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण पाठ केलेलं असतं. तो फरक प्रत्यक्षात कसा दिसतो हे मात्र फारसं कुणी करून दाखवत नाही. आज ते करून बघू.

उदाहरण मुद्दाम अगदी व्यवहारातलं घेतलंय. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला रेजिमेंटच्या वर्धापनदिनाचं, युद्धस्मारकावरच्या मानवंदनेचं किंवा १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाचं निमंत्रण आलं, तर त्याने काय घालून जावं? (१४ जानेवारी का, तर १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले.) प्रश्न शिंप्याला किंवा घरातल्या मोठ्यांना विचारण्यासारखा वाटतो. पण जरा खणलं की त्याच्याखाली राज्यसंस्था, कायदा आणि माणसाची ओळख असं बरंच काही सापडतं.

पायरी १: आधी नुसतं वर्णन

संशोधनात घाईने 'का' विचारू नये. आधी 'काय' ते नीट लिहून काढावं.

भारतातली सर्वसाधारण पद्धत अशी. निवृत्त अधिकारी किंवा जवान औपचारिक कार्यक्रमाला गणवेशात न जाता साध्या पण नेटक्या कपड्यांत जातात. सैन्यातल्या बोलीत याला 'मुफ्ती' म्हणतात. दिवसाचा कार्यक्रम असेल तर सूट, ब्लेझर किंवा बंदगळा. सूट-ब्लेझरवर रेजिमेंटचा टाय, ब्लेझरच्या खिशावर बोधचिन्ह आणि डाव्या छातीवर पूर्ण आकाराची पदकं. रात्रीचं औपचारिक जेवण असेल तर गडद सूट किंवा बंदगळा आणि त्यावर छोट्या आकाराची पदकं, म्हणजे मिनिएचर्स. पदकं लावायची की नाही, हे बहुतेक वेळा निमंत्रणपत्रिकेच्या कोपऱ्यात पोशाखाबद्दल जी एक ओळ असते ती ठरवते. ती ओळ वाचणं हे पहिलं काम.

आता या वर्णनाकडे नीट बघा. माणसाने तीस वर्षं जो गणवेश घातला तो घरी पेटीत राहतो, पदकं मात्र छातीवर येतात. दोन्ही गोष्टी सैन्यानेच दिलेल्या. मग एक ठेवून द्यायची आणि दुसरी मिरवायची, असं का?

हा झाला संशोधनप्रश्न. 'निवृत्त सैनिकांचा पोशाख' हा विषय होता. 'निवृत्तीनंतर पदकं सोबत राहतात पण गणवेश राहत नाही, हे कोणत्या तत्त्वाने ठरतं?' हा प्रश्न आहे. याचं उत्तर चुकू शकतं, आणि ते चुकलं की बरोबर हे पुराव्यावर तपासता येतं. चांगल्या प्रश्नाची एवढीच खूण लक्षात ठेवा.

पायरी २: सुचलेली पहिली परिकल्पना, आणि तिचा निकाल

सगळ्यांना आधी सुचेल ते उत्तर असं: गणवेश हा सेवेचा मान आहे. ज्याने जास्त सेवा केली, ज्याने युद्ध पाहिलं, त्याचा गणवेशावर जास्त हक्क.

परिकल्पना तपासायची तर ती जिथे मोडू शकेल अशी केस शोधायची असते, जिथे जुळते अशी नव्हे. यासाठी १९ सप्टेंबर २०२२ हा दिवस घेऊ. लंडनमध्ये राणी दुसरी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी होता आणि जगभर त्याचं थेट प्रक्षेपण झालं. शवपेटीमागून राणीची चार मुलं आणि नातू चालत होते. कोणी काय घातलं होतं?

राणीचा मुलगा अँड्र्यू नौदलात होता. १९८२च्या फॉकलंड युद्धात त्याने हेलिकॉप्टर चालवलं. नातू हॅरीने लष्करात सुमारे दहा वर्षं काढली आणि अफगाणिस्तानात दोनदा मोहिमेवर गेला. हे दोघे होते काळ्या मॉर्निंग कोटात. छातीवर पदकं, पण गणवेश नाही. दुसरा मुलगा एडवर्ड. त्याने रॉयल मरीन्सचं प्रशिक्षण १९८७ साली अर्ध्यावर सोडलं होतं. तो गणवेशात होता. मुलगी अॅन कधीच नोकरीवर असलेली नौसैनिक नव्हती. तीही नौदलाच्या गणवेशात होती.

पहिली परिकल्पना इथे साफ पडते. युद्धावर गेलेले दोघे सुटात आणि न गेलेले दोघे गणवेशात!

अशी केस समोर आली की नवशिक्या संशोधकाला दोन मोह होतात. एक, 'हा अपवाद आहे' म्हणून बाजूला सारायचं. दोन, 'राजघराण्याचं राजकारण' म्हणून मोकळं व्हायचं. राजकारण होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण राजकारण झालं तरी ते कोणत्या नियमाच्या भाषेत झालं, हे आपल्याला हवंय. नियम असा दिसतो: एडवर्ड आणि अॅन यांच्याकडे त्या दिवशी मानद लष्करी पदं होती. हॅरीची अशी पदं फेब्रुवारी २०२१ मध्ये परत गेली होती आणि अँड्र्यूची जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे कपडे ठरवले ते आजच्या नेमणुकीने. कालच्या सेवेने नाही.

पायरी ३: दुसरी परिकल्पना

यावरून नवी परिकल्पना मांडता येते. गणवेश सांगतो की या माणसावर आज एक जबाबदारी आहे. पदक सांगतं की या माणसाने एकदा काहीतरी केलं. नेमणूक संपते तेव्हा गणवेश उतरतो. केलेली गोष्ट मात्र संपत नाही, म्हणून पदक राहतं.

ही भारतात चालते का बघू. इथे आपल्याकडे एक सुरेख केस आहे. फील्ड मार्शल हे पद आजवर दोघांनाच मिळालं: सॅम माणेकशॉ यांना १९७३ मध्ये आणि करिअप्पा यांना १९८६ मध्ये. हवाई दलात त्याच तोडीचं मार्शल हे पद अर्जन सिंग यांना २००२ मध्ये मिळालं. या पंचतारांकित पदावरचा अधिकारी रूढ अर्थाने निवृत्त होतच नाही. तो हयातभर सेवेतच मानला जातो, म्हणून समारंभाला तो कितीही वयाचा असला तरी पूर्ण गणवेशात येऊ शकतो. करिअप्पांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९५३ला ते निवृत्त झाले, १९८६ला फील्ड मार्शल झाले. माणूस तोच, पूर्वीची सेवा तीच. बदलला तो फक्त दर्जा, आणि गणवेशाचा हक्क त्या दर्जाबरोबर परत आला.

आता कायदा बघू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ याच विषयावर आहे. आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम १४० होतं. आशय असा: जो सरकारच्या सेवेत सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नाही, त्याने आपण तसे आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकासारखा पोशाख केला किंवा तसं चिन्ह बाळगलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायद्याचं कलम वाचताना प्रत्येक शब्दाला थांबायचं. इथे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला 'सेवेत'. कलम पूर्वी सैनिक होता की नाही हे विचारत नाही, आज आहे का हे विचारतं. आपली परिकल्पना नेमकं हेच म्हणते. दुसरा 'हेतू'. नुसता पोशाख पुरेसा नाही. फसवायचा इरादा लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सैनिक झालेला मुलगा या कलमात सापडत नाही. त्याचप्रमाणे जुना गणवेश अंगात घालून नातवासोबत फोटो काढणारे आजोबाही नाहीत. 'गणवेश घातला की गुन्हा' असं सरसकट विधान तुम्ही प्रबंधात केलंत, तर परीक्षक पहिला याच शब्दावर बोट ठेवेल.

पायरी ४: परिकल्पनेला अडचणीत आणणारा देश

दोन देशांत जमलं म्हणून थांबायचं नाही. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथल्या संघीय कायद्याच्या दहाव्या शीर्षकातलं कलम ७७२ निवृत्त अधिकाऱ्याला त्याचा हुद्दा लावायची आणि त्या हुद्द्याचा गणवेश घालायची परवानगी देतं. म्हणून तिथे लष्करी लग्नात, अंत्यविधीला किंवा राष्ट्रीय सणाच्या संचलनात निवृत्त कर्नल गणवेशात दिसतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मग परिकल्पना मोडली का? घाई नको. इथे 'निवृत्त' या शब्दाचा अर्थ तपासायला हवा. अमेरिकेत नियमित सेनेतून निवृत्त होऊन वेतन घेणारा माणूस लष्करी न्यायसंहितेच्या कक्षेत राहतो. त्याला पुन्हा सेवेवर बोलावता येतं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टायलर नावाच्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या खटल्यात, निवृत्त अधिकारी अजूनही लष्करी सेवेतच आहे, असं म्हटलं होतं. म्हणजे तिथला 'निवृत्त' पूर्ण बाहेर पडलेला नसतो. गणवेश त्याच्याकडे राहतो कारण दोरी अजून सुटलेली नाही. परिकल्पना वाचली.

दोन देशांची तुलना करताना शब्द सारखे दिसले तरी त्यामागची कायदेशीर स्थिती सारखी असेलच असं नाही. तुलनात्मक अभ्यासात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

पण त्याच कलम ७७२ मध्ये एक उपकलम आहे, जे आपल्याला खरोखर अडवतं. युद्धकाळात सन्मानाने सेवा केलेली, पण आज सेवेत नसलेली व्यक्तीसुद्धा नियमांनी ठरवून दिलेल्या प्रसंगी गणवेश घालू शकते. अशा व्यक्तीवर आज कसलीही लष्करी जबाबदारी नसते. मग गणवेश कशाच्या जोरावर?

इथे परिकल्पना टाकून द्यायची नाही आणि पुरावा दडपायचाही नाही. ती सुधारायची. सुधारित रूप असं: गणवेश आजच्या नेमणुकीबरोबर चालतो, नेमणूक नसेल तर तो फक्त अधिकृत परवानगीने, ठरावीक प्रसंगापुरता उसना मिळतो.

हे सुधारित रूप मागे नेऊन लावून बघा. लंडनमध्ये अंत्यविधीच्या आधी, १६ सप्टेंबरला अँड्र्यू आणि १७ तारखेला हॅरी, दोघेही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटीजवळ पहाऱ्याला उभे होते, आणि तेव्हा दोघेही गणवेशात होते. पहिल्या वर्णनात हा तपशील बसला नसता. आता बसतो: एका प्रसंगापुरती दिलेली परवानगी. सुधारित परिकल्पनेने आधी न सुटलेली गोष्टही सोडवली, तर सुधारणा योग्य दिशेने चालली आहे असं समजायला हरकत नाही.

स्रोतांची उतरंड

एवढ्याशा प्रश्नासाठी आपण चार प्रकारचे स्रोत वापरले. सर्वांत वर कायदा. त्याखाली सेनेचे स्वतःचे नियम, ज्यांत हुद्द्याच्या फितीपासून बुटांपर्यंत सगळं येतं. त्याखाली त्या दिवसाची निमंत्रणपत्रिका. आणि सर्वांत खाली, पण सगळीकडे पसरलेला, रिवाज. कायदा शिक्षा सांगतो, नियम परवानगी सांगतात, पत्रिका त्या संध्याकाळचं ठरवते, आणि या तिन्हींत जे लिहिलेलं नाही ते रिवाज भरून काढतो. कोणतं विधान कोणत्या थरातून आलंय हे तुमच्या लेखनात कळलंच पाहिजे. 'रिवाज आहे' आणि 'कायदा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

वरच्या थराबद्दलही एक सावधगिरी. त्याच अमेरिकी कलमात नटांना नाटक-सिनेमात गणवेश घालायची मुभा आहे, पण सेनेची बदनामी होणार नसेल तरच, अशी अट छापलेली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर पथनाट्य करणाऱ्या एका तरुणाला याच अटीवर शिक्षा झाली. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शॅक्ट खटल्यात, ही अट घटनाबाह्य ठरवली. तरी ती ओळ कायद्याच्या मजकुरात आजही वाचायला मिळते. नुसतं कलम वाचून थांबणारा विद्यार्थी मेलेली अट जिवंत समजून लिहील. कलमासोबत निकाल वाचायचाच.

रिवाजही एका जागी थांबत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि बिनबाह्यांचं जाकीट चालेल असं जाहीर केलं. तोपर्यंत 'औपचारिक' म्हणजे जवळपास इंग्रजी वळणाचेच कपडे होते. आपण पायरी १ मध्ये लिहिलेलं वर्णन दहा वर्षांनी तसंच राहील असं धरून चालू नका. वर्णनाला नेहमी तारीख घाला.

यात पणाला काय लागलंय?

"हे सगळं ठीक, पण याचं महत्त्व काय?" हा प्रश्न प्रत्येक प्रपोजलला विचारला जातो. तयारी हवी.

साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत अशी गावं आहेत जिथे घरटी एक तरी माणूस सैन्यात असतो. साताऱ्याचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावात १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानात निवृत्त सुभेदार उभे राहतात. अंगावर ब्लेझर असतो किंवा पांढरा शर्ट-पायजमा, आणि छातीवर पदकं. राज्याने त्यांच्याकडून अधिकार परत घेतला आहे. आता त्यांच्या हुकमावर कुणी दक्ष होणार नाही, आणि लोकशाहीत ते तसंच असायला हवं. कारण सैन्याचा अधिकार व्यक्तीच्या अंगाला चिकटून राहिला तर तो कुणाच्या नियंत्रणात राहत नाही. पण जे केलं ते राज्य परत मागू शकत नाही. गणवेश आणि पदक वेगळे करण्यामागे हा समतोल आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तर शहीद किंवा दिवंगत सैनिकाचे नातेवाईक त्याची पदकं उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची, उजवी बाजू त्याच्या आठवणीची. माणूस गेल्यावरही पदक बोलत राहतं. कुणाचं ते मात्र बाजूवरून कळतं.

म्हणून मुलाखतीसाठी एखाद्या माजी सैनिकाकडे गेलात आणि ते जुन्या गणवेशात समोर आले, तर मनात लगेच कलम १६८ उघडू नका. विचारा: "आज हा का घातलात?" नियम काय म्हणतो हे तुम्हाला ग्रंथालयात मिळेल. त्यांना तो का घालावासा वाटला, हे फक्त त्यांच्याकडेच मिळेल, आणि तुमच्या प्रबंधातलं सर्वांत मोलाचं पान कदाचित तेच असेल.

तुमच्यासाठी काम

हीच पद्धत दुसऱ्या एखाद्या 'माजी' माणसावर लावून बघा: निवृत्त न्यायाधीश, माजी आमदार, एमेरिटस प्राध्यापक. पद गेल्यावर त्यांच्याकडे काय उरतं आणि काय परत जातं याची दोन रकान्यांत यादी करा. यादीत जी गोष्ट तुमच्या अंदाजाप्रमाणे चुकीच्या रकान्यात गेलीय, तिथे प्रश्न आहे. आणि येत्या २६ जानेवारीचं संचलन टीव्हीवर पाहाल तेव्हा वही घेऊन बसा. शौर्यपदकांचे मानकरी जीपमधून जातात, त्यांतले निवृत्त कोण आणि त्यांनी काय घातलंय ते टिपा. आपली सुधारित परिकल्पना तिथे टिकते का, ते सांगा. टिकली नाही तर आणखी उत्तम. पुढचा प्रश्न तयार झाला.